सही, साक्ष आणि द्रापचीचा तुरुंग

डिसेंबर १९६५ची गोष्ट. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे तिबेटचा प्रश्न पुन्हा आला होता. भारताच्या वतीने बोलायला डॉ. रफिक झकेरिया उभे राहिले. औरंगाबादचे आमदार, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळातले मंत्री आणि इस्लामचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो. तिबेटी जनतेच्या मूलभूत हक्कांसाठी ते एकदा जगाच्या व्यासपीठावर बोलले होते, हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या लक्षात असेल. त्या दिवसांत भारताने तिबेटविषयीच्या ठरावाला प्रथमच उघड पाठिंबा दिला. १८ डिसेंबर १९६५ रोजी ४३ विरुद्ध २६ मतांनी ठराव मंजूर झाला. २२ देश तटस्थ राहिले.

त्याआधी १९५९ आणि १९६१ मध्ये असेच ठराव झाले होते. दोन्ही वेळा भारत तटस्थ होता. मधल्या काळात १९६२चे युद्ध घडून गेले होते, हे विसरून चालणार नाही. परक्याच्या दुःखाची जाग राष्ट्रांना बहुतेक वेळा स्वतःला चटका बसल्यावरच येते. तरीही तो पाठिंबा खोटा ठरत नाही. उशिरा दिलेली साक्षही साक्षच असते.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९५९चा पहिला ठराव आमसभेत मांडला तो दोन लहान देशांनी. एक कॅथलिक आयर्लंड आणि दुसरा मुस्लिमबहुल मलाया. बौद्ध तिबेटसाठी त्यांनी शब्द टाकला. धर्माच्या नात्याने शब्द टाकला असता तर त्या दोघांपैकी कोणाचाच तो विषय नव्हता.

या लेखाचा विषय तिबेटचे स्वातंत्र्य हा नाही. तो मोठा आणि वादाचा प्रश्न आहे. मला एक लहान प्रश्न विचारायचा आहे. एखादे राज्य जगासमोर 'आम्ही कैद्याला यातना देणार नाही' असे लिहून देते, सही करते, शिक्का मारते. त्या सहीची किंमत काय? ती सही तुरुंगाच्या भिंतीपलीकडे पोहोचते का? तिबेटी कैद्यांच्या गेल्या साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

एक वकील आणि निर्वासितांच्या जबान्या

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सेना पूर्व तिबेटात छामदोपर्यंत आली. २३ मे १९५१ रोजी बीजिंगमध्ये सतरा कलमी करार झाला. तिबेटची राज्यव्यवस्था आणि धर्म यांना हात लावणार नाही, असे त्यात चीनने लिहून दिले होते. म्हणजे तिबेटच्या कहाणीची सुरुवातच एका लेखी वचनाने होते. आठ वर्षांत ते वचन कोलमडले. १० मार्च १९५९ रोजी ल्हासात लोक रस्त्यावर आले. दलाई लामांना चिनी छावणीत बोलावून पकडतील या भीतीने हजारोंनी त्यांच्या नोर्बुलिंका राजवाड्याला वेढा घातला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा बाहेर पडले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. मागे राहिलेल्या शहरावर तोफा चालल्या आणि मग धरपकड सुरू झाली.

त्या वर्षी आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने चौकशी हाती घेतली. ज्येष्ठ वकील आणि समाजवादी नेते पुरुषोत्तम त्रिकमदास यांच्याकडे तिचे नेतृत्व होते. तिबेटात जायला परवानगी मिळणे शक्यच नव्हते. म्हणून निर्वासितांच्या जबान्या घेण्यात आल्या, चिनी सरकारचीच प्रकाशने तपासण्यात आली. १९६० साली अंतिम अहवाल आला. तिबेटींचा धार्मिक समूह म्हणून नाश करण्याचा प्रयत्न झाला, यातना आणि अमानुष वागणूक देण्यात आली, असा निष्कर्ष समितीने काढला. मात्र वंश किंवा राष्ट्र म्हणून तिबेटींचा संहार झाला असे म्हणण्याइतका पुरावा आपल्यापुढे नाही, हेही तिने स्पष्ट नोंदवले. जेवढे सिद्ध झाले तेवढेच म्हणायचे, हा वकिली बाणा त्या अहवालात आहे. म्हणूनच तो अजून टिकून आहे.

परंतु तेव्हा एक अडचण होती. चीनचे जनप्रजासत्ताक संयुक्त राष्ट्रांचे सदस्यच नव्हते. चीनची जागा तैवानमधल्या सरकारकडे होती. ज्याच्यावर ठपका ठेवायचा तोच दाराबाहेर. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी ही जागा बीजिंगला मिळाली आणि चीन आत आला. त्यानंतर आमसभेत तिबेटवर एकही ठराव झाला नाही. दाराबाहेर असताना ज्याला दोष देता येत होता, तो आत आल्यावर सभा गप्प झाली.

सहीनंतरचे पाच महिने

१० डिसेंबर १९८४ रोजी आमसभेने यातनाविरोधी करार स्वीकारला. २६ जून १९८७ पासून तो अंमलात आला. या कराराची भाषा साधी आहे. माहिती किंवा कबुली मिळवण्यासाठी, शिक्षा म्हणून किंवा धाक बसवण्यासाठी सरकारी माणसाने स्वतः किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने जाणूनबुजून दिलेली तीव्र शारीरिक वा मानसिक वेदना म्हणजे यातना. युद्ध असो, अंतर्गत अशांतता असो की आणीबाणी, कोणतीही परिस्थिती यातनेचे समर्थन करू शकत नाही. वरिष्ठांचा हुकूम होता ही सबब चालत नाही. यातना देऊन घेतलेली कबुली पुरावा म्हणून वापरता येत नाही. तक्रार आली तर तातडीने निःपक्ष चौकशी झाली पाहिजे.

चीनने १९८६च्या डिसेंबरात या करारावर सही केली आणि ४ ऑक्टोबर १९८८ रोजी त्याला मान्यता दिली. मात्र दोन गोष्टी वगळून. यातनाविरोधी समितीला स्वतःहून चौकशी करण्याचा अधिकार देणारे विसावे कलम चीनने मानले नाही. मतभेद झाल्यास हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्याची तरतूदही मानली नाही. एखाद्या पीडिताने थेट समितीकडे तक्रार करण्याची वाटही चीनने उघडली नाही. थोडक्यात, वचन दिले, पण ते मोडले तर दार ठोठावायला कोणी येऊ नये याची व्यवस्थाही केली.

मान्यता दिली ते दिवस पाहा. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये ल्हासात भिक्षूंनी निदर्शने केली होती. मार्च १९८८ मध्ये पुन्हा केली. मान्यतेनंतर दोन महिन्यांनी, १० डिसेंबर १९८८ रोजी, म्हणजे नेमक्या मानवी हक्क दिनी, ल्हासात निदर्शकांवर गोळीबार झाला. ५ मार्च १९८९ पासून तीन दिवस शहर पेटले आणि ८ मार्चपासून लष्करी कायदा लागू झाला. तो वर्षभराहून अधिक काळ, १९९०च्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत चालला. तिबेटमधील पक्षाचे प्रमुख तेव्हा हू जिंताओ होते. ते पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. कराराला मान्यता देऊन जेमतेम पाच महिने झाले होते. कोणतीही परिस्थिती समर्थन ठरू शकत नाही असे ज्या कागदावर लिहिले होते, त्याची शाई अजून ओली होती.

पाल्देन ग्यात्सो यांचे तोंड

ल्हासाच्या ईशान्येला द्रापची नावाचा तुरुंग आहे. जुन्या तिबेटी फौजेची ती छावणी होती. १९५९ नंतर तिचा तुरुंग झाला. सरकारी भाषेत तो तिबेट स्वायत्त प्रदेशाचा पहिल्या क्रमांकाचा तुरुंग. तिबेटी माणसाला मात्र द्रापची एवढेच म्हटले की पुरे.

पाल्देन ग्यात्सो हे भिक्षू १९५९च्या उठावानंतर पकडले गेले. पळून जाण्याचा प्रयत्न फसला, शिक्षा वाढली. सुटले, पुन्हा १९८३ साली भित्तिपत्रके लावली म्हणून पकडले गेले. तुरुंग आणि श्रमछावण्या मिळून तेहेतीस वर्षे त्यांनी काढली. १९९० साली त्यांना द्रापचीत आणले तेव्हा अधिकाऱ्याने विचारले, इथे का आलास? तिबेटच्या स्वातंत्र्याची पत्रके लावली म्हणून, असे त्यांनी सांगितले. त्या अधिकाऱ्याने विजेचा धक्का देणारा दंडुका त्यांच्या तोंडात खुपसला. शुद्धीवर आले तेव्हा ते रक्तात पडलेले होते. त्या दिवशी त्यांचे बहुतेक दात गेले.

हे सांगताना हात थांबतो. पण पुढचे सांगितले पाहिजे. १९९२ साली सुटल्यावर ते नेपाळमार्गे भारतात पळाले आणि धर्मशाळेला आले. येताना त्यांनी विजेचे दंडुके, बेड्या, अंगठे आवळणारे साखळकड्या असे यातनेचे सामान बरोबर आणले. लाच देऊन त्यांनी ते मिळवले होते. ज्याने आयुष्यभर मार खाल्ला त्याने माराचे हत्यारच पुरावा म्हणून उचलून आणले. माझ्या तोंडच्या शब्दावर कदाचित विश्वास बसणार नाही, लोखंड मात्र खोटे बोलणार नाही, एवढा साधा विचार त्यामागे असावा. १९९५ साली जिनिव्हाला मानवी हक्क आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९९७ साली त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत आले. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी धर्मशाळेत त्यांचे निधन झाले.

द्रापचीतील चौदा भिक्षुणींची कहाणीही अशीच. १९९३ साली त्यांनी कोठडीत लपूनछपून एका टेपरेकॉर्डरवर गाणी म्हटली. आपण जिवंत आहोत आणि मोडलेल्या नाही, एवढेच घरच्यांना कळवायचे होते. ती फीत बाहेर पोहोचली. ऑक्टोबर १९९३ मध्ये चौदाही जणींच्या शिक्षा पाच ते नऊ वर्षांनी वाढल्या. त्यांतली नवांग सांगद्रोल पहिल्यांदा पकडली गेली तेव्हा तेरा वर्षांची होती. तिच्या शिक्षेत पुन्हा भर पडली आणि एकूण शिक्षा वीस वर्षांच्या पुढे गेली. परदेशातून दबाव आल्यानंतर २००२ साली ती सुटली. फुंत्सोक न्यीद्रोन २००४ साली सुटली. गाण्यासाठी शिक्षा वाढवणारे न्यायालय आणि यातनाविरोधी करार मान्य करणारे सरकार एकच होते.

मे १९९८ मध्ये द्रापचीच्या आवारात झेंडावंदनाच्या वेळी कैद्यांनी घोषणा दिल्या. १ तारखेला एकदा आणि ४ तारखेला पुन्हा. ४ मे रोजी युरोपीय राजदूतांचे शिष्टमंडळ त्याच तुरुंगाला भेट देत होते. त्यानंतरच्या आठवड्यांत बेदम मारहाण झाली. अनेक कैदी मेले. त्यांत पाच भिक्षुणी होत्या. अधिकाऱ्यांनी त्याला आत्महत्या म्हटले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला चीनने नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावरही सही केली. त्या कराराला आजतागायत मान्यता दिलेली नाही.

दहा वर्षे थांबलेला पाहुणा

करारात सहभागी झालेल्या देशाने ठरावीक काळाने जिनिव्हातील समितीला अहवाल द्यावा लागतो. चीनचा पहिला अहवाल १९९० साली तपासला गेला. समितीला तो अपुरा वाटला आणि तिने पुरवणी मागितली. तेव्हापासून अहवाल येत राहिले, प्रश्न विचारले जात राहिले. १९९७च्या सुधारित फौजदारी कायद्यात मारहाण करून कबुली घेणे हा गुन्हा कायम राहिला. २०१० साली अशा कबुल्या पुराव्यातून वगळण्याचे नियम आले. २०१२च्या दुरुस्तीने कोणालाही स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती करता येणार नाही असे लिहिले गेले. डिसेंबर २०१३ मध्ये 'श्रमातून पुनर्शिक्षण' ही खटल्याविना डांबण्याची पद्धत रद्द झाली. हे बदल खोटे आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. साध्या चोरीमारीच्या गुन्ह्यात अडकलेल्या चिनी माणसाला त्याचा काही लाभ झाला असेलच.

संयुक्त राष्ट्रांच्या यातनाविषयक विशेष प्रतिवेदकाने १९९५ साली चीनला भेटीची विनंती केली होती. न सांगता तुरुंगात जाता आले पाहिजे आणि कैद्याशी एकांतात बोलता आले पाहिजे, या त्याच्या अटी होत्या. त्या मान्य व्हायला दहा वर्षे लागली. अखेर नोव्हेंबर २००५ मध्ये मान्फ्रेड नोवाक बीजिंग, ल्हासा आणि उरुम्ची येथे गेले. यातनेचे प्रमाण शहरांतून कमी होत आहे, तरी ती अजून सर्वदूर आहे, असा त्यांचा निष्कर्ष २००६च्या अहवालात आहे. कबुलीवरच सारा तपास उभा असणे हे त्याचे मूळ आहे, असे त्यांनी दाखवले. कैद्याचे मन बदलेपर्यंत त्याला 'शिकवत' राहण्याच्या पद्धतीलाही त्यांनी अमानुष म्हटले. त्यांच्यावर पाळत ठेवली गेली. काही कैदी त्यांच्याशी बोलायला तयार नव्हते, तर काहींनी आपले बोलणे गुप्त ठेवण्याची विनंती केली. ज्या तुरुंगात कैदी पाहुण्याशी बोलायला घाबरतो, त्या तुरुंगाबद्दल वेगळे काय सांगायचे?

१४ मार्च २००८

आता एक अवघड गोष्ट. १० मार्च २००८ पासून ल्हासात पुन्हा निदर्शने सुरू झाली आणि १४ तारखेला दंगल उसळली. त्या दिवशी तिबेटी जमावाने हान चिन्यांची दुकाने जाळली, तशी हुई मुसलमानांचीही जाळली. मशिदीच्या दारालाही आग लावण्यात आली. चिनी सरकारच्या आकडेवारीनुसार अठरा नागरिक आणि एक पोलीस मेला. तिबेटच्या बाजूने लिहिणारे पुष्कळजण हा भाग गाळतात. आपण गाळू नये. जळालेल्या दुकानात अडकून मेलेल्या माणसाचा कैवार घेणारा कोणीतरी हवाच.

पण इथेच यातनाविरोधी कायद्याची खरी कसोटी लागते. तो कायदा निष्पाप माणसासाठीच असता तर सोपे होते. दुकान पेटवणाऱ्यालाही पकडा, खटला चालवा, शिक्षा करा, पण त्याला छताला टांगू नका, विजेचे चटके देऊ नका, असे तो सांगतो. पुढच्या महिन्यांत तिबेटी मुलखात हजारो लोक पकडले गेले. दंगलीशी काहीही संबंध नसलेले त्यांत असंख्य होते. धोंडुप वांगचेन यांनी साध्या तिबेटींच्या मुलाखतींचा लघुपट केला, म्हणून त्यांना सहा वर्षे कैद झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये जिनिव्हाच्या समितीने तिबेटमधील धरपकड, कोठडीतील मृत्यू आणि बेपत्ता माणसे यांबद्दल चीनला कडक शब्दांत जाब विचारला. चीनने आरोप फेटाळले आणि समितीचे काही सदस्य पूर्वग्रहदूषित असल्याचे म्हटले. माहिती मागितली की 'राष्ट्रीय गुपित' हे उत्तर मिळते, ही समितीची जुनीच तक्रार होती.

नोव्हेंबर २०१५ मध्ये पुन्हा सुनावणी झाली. चौकशीच्या वेळी कैद्याला ज्या लोखंडी खुर्चीत जखडतात तिच्याविषयी समितीने विचारले. ती खुर्ची कैद्याच्याच सुरक्षिततेसाठी आहे, असे उत्तर चिनी शिष्टमंडळाने दिले. गोलोग जिग्मे नावाचे भिक्षू त्या सुमारास जिनिव्हात होते. तशाच खुर्चीत आपण बसलो आहोत, असे ते सांगत होते. त्याच वर्षी १२ जुलैला तेन्झिन देलेक रिन्पोचे यांचा तेरा वर्षांच्या कैदेनंतर तुरुंगात मृत्यू झाला होता. समितीने विचारलेल्या तिबेटी प्रकरणांपैकी बहुतेकांची माहिती तिला मिळालीच नाही. आणि सुनावणीनंतर अडीच महिन्यांच्या आत, जानेवारी २०१६ मध्ये, ताशी वांगचुक नावाच्या दुकानदाराला पकडण्यात आले. मुलांना शाळेत तिबेटी भाषा शिकवावी, चिनी राज्यघटनेतच तसे लिहिले आहे, एवढेच ते एका अमेरिकन वृत्तपत्राच्या चित्रफितीत म्हणाले होते. पाच वर्षे त्यांनी तुरुंगात काढली.

दूरचे न्यायालय, जवळचा आरसा

युरोपात एक प्रयत्न झाला. छळाचा गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही देशात खटला चालवता येतो, या तत्त्वावर स्पेनच्या न्यायालयाने २००६ साली तिबेटचे प्रकरण दाखल करून घेतले. २०१३ साली माजी राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन आणि इतरांविरुद्ध अटकेचे हुकूम निघाले. बीजिंग संतापले. २०१४ साली स्पेनच्या संसदेने कायदाच बदलला आणि प्रकरण बंद झाले. म्हणजे वचन मोडणारा एकच देश नसतो. वचन पाळायला लावण्याची ज्यांची तयारी असते, तेही व्यापाराचा तराजू हलला की मागे सरतात.

आणि आपण? भारताने यातनाविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. मान्यता अजून दिलेली नाही. २०१० साली लोकसभेने एक विधेयक संमत केले. ते राज्यसभेत अडकले आणि लोकसभेची मुदत संपताच संपुष्टात आले. विधी आयोगाने २०१७ साली मान्यता द्यावी अशी शिफारस केली. तीही कपाटात आहे. जानेवारी २००३ मध्ये मुंबईच्या पोलीस कोठडीत मेलेल्या परभणीच्या ख्वाजा युनूसचे नाव आपल्या वाचकांना सांगायला नको. तो गाडीतून पळाला, असे आधी सांगण्यात आले होते. द्रापचीवर लिहिताना आपल्या कोठडीचे दार झाकून ठेवले, तर लिहिण्याचा अधिकार उरत नाही. अर्थात, दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. इथे आईला वकील मिळतो, वर्तमानपत्र लिहिते, उच्च न्यायालय ऐकून घेते. द्रापचीतल्या कैद्याला यांतले काहीच नाही. हा फरक लहान नाही. तो टिकवून धरण्यासाठीच सही पूर्ण करायला हवी.

खाचे

ल्हासात शतकानुशतके मुसलमान राहत होते. काश्मीर-लडाखातून व्यापारासाठी गेलेले आणि तिथेच घर केलेले. तिबेटी त्यांना 'खाचे' म्हणत. ते तिबेटी बोलत, तिबेटी पोशाख करत, मशिदीत नमाज पढत. 'खाचे फालू' हे तिबेटी भाषेतील नीतिवचनांचे लोकप्रिय पुस्तक एका मुसलमानाने लिहिले, असे मानले जाते. १९५९ नंतर आपण मूळचे काश्मिरी म्हणून त्यांनी भारतीय नागरिकत्व मागितले. तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांना कैद झाली, समाजावर दडपण आले. अखेर परवानगी मिळाली आणि अनेक कुटुंबे कालिंपोंग, दार्जिलिंग, श्रीनगरला आली. श्रीनगरच्या ईदगाह भागात त्यांची वस्ती आजही आहे. तेव्हा तिबेटची व्यथा फक्त बौद्ध मठांची नाही. तिच्यात आपल्याही काही घरांची कुलपे आहेत.

जुना तिबेट स्वर्ग होता असे मी म्हणत नाही. तिथे वेठबिगार होती, क्रूर शिक्षा होत्या. तेराव्या दलाई लामांनी १९१३ साली अवयव तोडण्याच्या शिक्षांवर बंदी घातली. तरी १९३४ साली लुंगशार या सरदाराचे डोळे काढण्यात आले. आम्ही त्या जुलमातून लोकांना मुक्त केले, असे चीन म्हणतो. पण एका जुलमाची आठवण दुसऱ्या जुलमाचा परवाना होत नाही.

तिबेटात जे रुजले ते तिबेटपुरते राहिलेही नाही. २०११ ते २०१६ या काळात ल्हासात पक्षाचे प्रमुख असलेले चेन क्वांग्वो ऑगस्ट २०१६ मध्ये शिंजियांगला गेले. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पोलीस चौक्या आणि घराघरावरची पाळत ही पद्धत त्यांच्याबरोबर गेली. पुढे उइगूर मुसलमानांच्या छावण्यांबद्दल जगाने ऐकले. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने तिथल्या यातनांच्या तक्रारी विश्वासार्ह असल्याचे म्हटले. त्यावर नुसती चर्चा करावी की नाही, यासाठी ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मानवी हक्क परिषदेत मतदान झाले. १७ विरुद्ध १९ मतांनी चर्चा नाकारली गेली. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार आणि संयुक्त अरब अमिराती यांनी चर्चेविरुद्ध मत दिले. मलेशिया तटस्थ राहिला. भारतही तटस्थ राहिला. १९५९ साली तिबेटसाठी ठराव मांडणारा मलाया आणि तेव्हा तटस्थ राहिलेला भारत आठवला की इतिहास किती पुढे आला, हे कळते.

मग त्या सहीची किंमत काय? सहीने द्रापचीचे दार उघडले नाही, हे खरे आहे. पण त्या सहीमुळेच चीनला दर काही वर्षांनी जिनिव्हात बसून खुर्चीबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. त्या सहीमुळेच पाल्देन ग्यात्सो यांच्या तोंडात घडले ते 'अंतर्गत बाब' राहत नाही, गुन्हा ठरते. साक्ष मात्र कोणीतरी पायी चालत आणावी लागते. २००८ पूर्वी दरवर्षी दोन-तीन हजार तिबेटी हिमालय ओलांडून येत. त्यांच्याबरोबर तुरुंगांच्या बातम्या येत. नंतर सीमा आवळली गेली आणि हा आकडा वर्षाला शंभराच्याही खाली आला. माणसे यायची थांबली की यातना थांबल्या असे होत नाही. फक्त आपल्याला कळायचे थांबते.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. हिवाळ्यात आपल्या गावांतून, शहरांतून तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात. आपण भाव करतो, स्वेटर घेतो आणि निघतो. पुढच्या खेपेला एक प्रश्न विचारून पाहावा: तुमचे कोणी तिकडे आहे का? उत्तर मिळेलच असे नाही. पण रफिक झकेरियांनी १९६५ साली जे बोलून दाखवले, ते विसरले गेलेले नाही, एवढे तरी समोरच्याला कळेल.